घरच्यांची विनवणी

राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती आपण इतक्या सहज उच्चारतो की, तिच्या पोटात दडलेले एक गृहीत आपल्या ध्यानात येत नाही. मारणारा राजा निदान आपला आहे, त्याच्या दरबाराचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे, त्याची भाषा आपल्याला कळते, एवढे त्या म्हणीत धरून चाललेले असते. परंतु मारणारा राजा परका असला, त्याच्या मुलखात आपले कोणी नसले आणि आपले माणूस त्याच्या तुरुंगात पडले असले, म्हणजे त्या माणसाच्या आईने, बायकोने किंवा भावाने काय करावे? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

ही आपत्ती ज्यांच्या घरावर वारंवार कोसळली, त्यांत वर्तमानपत्रांच्या बातमीदारांची घरे पुष्कळ आहेत. लढाई पेटली की व्यापारी दुकानाला कुलूप लावून निघून जातो, प्रवासी पुढच्या गाडीची वाट धरतो. बातमीदाराचा धंदा नेमका उलटा. जिथून लोक पळतात तिथे त्याला जावे लागते. जे लपवायचे असते तेच त्याला विचारावे लागते. आणि विचारलेले लिहून बाहेर पाठवावे लागते. हेराचा धंदा याहून फारसा वेगळा दिसत नाही. फरक इतकाच की, हेर आपली बातमी एकट्या धन्याला देतो आणि बातमीदार ती जगाला देतो. पण भ्यालेल्या सरकारला हा फरक दिसत नाही, किंबहुना तो पाहण्याची त्याची इच्छा नसते. अशा दोन बातमीदारांच्या गोष्टी मी सांगणार आहे. एक १९३७ सालची, स्पेनमधली. दुसरी १९५१ ते १९५३ या काळातली, चेकोस्लोव्हाकियातली. दोघेही सुटले, आणि दोघांच्याही सुटकेत त्यांच्या बायकांच्या विनवणीचा भाग होता. ती विनवणी कशी फळाला आली हे पाहण्यासारखे आहे, आणि ती कोणाच्या उपयोगी पडली नाही हेही.

पहिला बातमीदार म्हणजे आर्थर कोस्लर. त्याचे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. १९६० साली त्याने 'द लोटस अँड द रोबो' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात हिंदुस्थानातील योगी, साधू आणि गांधीजी यांच्याविषयी त्याने असे काही लिहिले होते की, आपल्या सरकारने त्या पुस्तकाला बंदी केली. पण आपली गोष्ट घडली तेव्हा तो इतका प्रसिद्ध नव्हता. जन्माने हंगेरियन, १९०५ साली बुडापेस्टला जन्मलेला. बर्लिनच्या वर्तमानपत्रांत त्याने नाव मिळविले. हिटलरचा अंमल आल्यावर तो पॅरिसला आश्रयाला राहिला. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, पण ही गोष्ट उघड नव्हती.

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. एका बाजूला निवडून आलेले लोकसत्ताक सरकार, दुसऱ्या बाजूला जनरल फ्रँकोचे बंडखोर सैन्य. पुढच्याच महिन्यात कोस्लर लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या उदारमतवादी पत्राचा बातमीदार म्हणून फ्रँकोच्या ताब्यातील सेव्हिल शहरात शिरला. सेनापती केइपो दे ल्यानो याची त्याने मुलाखतही घेतली. पण तिथल्या एका हॉटेलात बर्लिनच्या जुन्या ओळखीच्या एका पत्रकाराने त्याला ओळखले, आणि कोस्लरने वेळीच जिब्राल्टर गाठले म्हणून तो वाचला. फ्रँकोच्या गोटात परदेशी पत्रकारांवर देखरेख करणारा लुइस बोलीन नावाचा एक कप्तान होता. हा माणूस पुन्हा हाती लागला तर गोळी घालीन, अशी प्रतिज्ञा त्याने केली.

असे असताना १९३७ च्या जानेवारीअखेर कोस्लर पुन्हा स्पेनला आला आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागा शहरात राहिला. ८ फेब्रुवारीला ते शहर फ्रँकोच्या सैन्याने घेतले. निघून जाण्याची संधी त्याला होती. किनाऱ्याच्या रस्त्याने हजारो लोक जीव घेऊन पळत होते. तरी तो थांबला. का थांबला याचे उत्तर त्याला स्वतःलाही पुढे नीटसे देता आले नाही. त्याचा यजमान सर पीटर चामर्स मिचेल हा सत्तरी उलटलेला इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ होता. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाचा तो अनेक वर्षे चिटणीस होता आणि मालागाला घर घेऊन निवृत्तीचे दिवस काढीत होता. घर सोडून जाण्याचे त्याने नाकारले आणि कोस्लर त्याच्यापाशी राहिला. ९ तारखेला त्या घरात शिरून ज्याने कोस्लरला पकडले तो दुसरा कोणी नसून बोलीनच होता. योगायोग असा की, युद्धाच्या आरंभी याच बोलीनच्या नात्यातल्या बायकामुलींना सर पीटरने आपल्या घरात लपवून वाचविले होते. त्या उपकाराची फेड म्हणा किंवा इंग्रज नागरिकत्वाचा धाक म्हणा, म्हाताऱ्याला जिब्राल्टरला जाऊ देण्यात आले. कोस्लर हंगेरियन. त्याच्या पाठीशी कोणाचेही आरमार नव्हते.

चार दिवसांनी त्याला सेव्हिलच्या तुरुंगात नेऊन ४१ नंबरच्या कोठडीत एकटे ठेवण्यात आले. रीतसर खटला असा झालाच नाही. तुला मरणाची शिक्षा झाली आहे, असे मात्र त्याला सांगण्यात आले. कोठडीच्या खिडकीतून अंगणात फिरणारे कैदी दिसत, पण ज्यांच्यावर मरण टांगलेले असे त्यांच्या खिडक्यांच्या फार जवळ कोणी येत नसे. मध्यरात्रीनंतरचे दोन तास सर्वांत वाईट. त्या वेळी पावले वाजत, पाद्र्याच्या हातातली घंटा किणकिणे, एखादी कोठडी उघडे, आणि नेला जाणारा माणूस कधी आईच्या नावाने हाक मारी, कधी मुकाट्याने जाई. आपले दार उघडते की शेजारचे, हे ऐकत कोस्लर रात्री काढी. बाहेर आपल्यासाठी कोणी काही करीत आहे की नाही, याची त्याला जवळजवळ काहीच खबर नव्हती.

बाहेर त्याच्यासाठी धावत होती त्याची बायको. तिचे नाव डोरोथी. 'धावत होती' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. १९३५ साली त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच काळात दोघे वेगळी राहू लागली होती. म्हणजे संसार म्हणावा असा संसार उरलाच नव्हता. अशा बाईने हात झटकून 'माझा त्याच्याशी काय संबंध' असे म्हटले असते, तर तिला दोष कोणी दिला असता? पण मालागाची बातमी कळताच ती पॅरिसहून लंडनला आली आणि आठवड्यामागून आठवडे तिने एकच काम केले. पत्रे लिहायची, भेटी मागायच्या, पार्लमेंटच्या सभासदांच्या दारात उभे राहायचे, मोठ्या माणसांच्या सह्या गोळा करायच्या. सर पीटरनेही आपला शब्द खर्ची घातला, 'न्यूज क्रॉनिकल'ने आपल्या बातमीदारासाठी आवाज उठविला, आणि पॅरिसमधले पक्षाचे सोबती पडद्याआडून हालचाल करीत राहिले.

या धावपळीत एक पेच होता, आणि तो समजून घेतल्यावाचून विनवणी म्हणजे काय हे समजणार नाही. कोस्लर ब्रिटिश प्रजाजन नव्हता, तेव्हा इंग्लंडच्या परराष्ट्रखात्याला हक्काने काही मागता येत नव्हते. फ्रँकोचे सरकार इंग्लंडने अजून मान्यही केले नव्हते. म्हणजे वादीला हक्क नाही आणि प्रतिवादीला दरबार नाही, अशी ही फिर्याद. अशा वेळी कायद्याची भाषा निकामी होते आणि माणुसकीची भाषा तेवढी उरते. डोरोथीच्या बाजूने जी मागणी झाली तिच्यात स्पेनच्या युद्धात कोणाची बाजू खरी, हा प्रश्नच आला नाही. एका उदारमतवादी पत्राचा बातमीदार आपले काम करीत असता पकडला गेला आहे, त्याचा जीव वाचवा, एवढेच मागणे होते. त्यामुळेच मजूर पक्षाच्या सभासदांबरोबर हुजूर पक्षाच्या सभासदांनीही सह्या केल्या. सह्या करणारे पार्लमेंटचे सभासद पन्नासांहून अधिक होते. पुढे कोस्लरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या डचेस ऑफ ॲथॉल या बाईही हुजूर पक्षाच्याच सभासद होत्या.

आता कोणी म्हणेल, हा तर कम्युनिस्ट होता आणि ही गोष्ट लपविली गेली. मग ही विनवणी अप्रामाणिक नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ती गोष्ट कळली असती तर कित्येक सह्या मिळाल्या नसत्या आणि कदाचित सेव्हिलमध्ये गोळीही लवकर सुटली असती. कोस्लरने स्वतः पुढे पक्ष सोडल्यावर हे सर्व उघडपणे लिहिले. परंतु जी मागणी केली होती ती खोटी नव्हती. तो बातमीदार होता हे खरे; त्याच्यावर खटला झाला नव्हता हे खरे; आणि खटल्यावाचून माणूस मारू नये हे तर कम्युनिस्टाच्या बाबतीतही तितकेच खरे. घरच्या माणसाच्या विनवणीत सगळे सत्य नसते. वकिलाच्या भाषणात तरी ते कुठे असते? पण विनवणीत एक तरी अढळ सत्य असावे लागते, नाहीतर ती टिकत नाही.

विरोधी मताच्या माणसासाठी सही करणे म्हणजे काय, याचा दाखला आपल्या इतिहासातही आहे. १८९७ साली 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा मॅक्स म्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी विलायतेत अर्ज केला आणि टिळक मुदतीपूर्वी सुमारे सहा महिने, १८९८ च्या सप्टेंबरात सुटले. मॅक्स म्युलर काही टिळकांच्या राजकारणाचा अनुयायी नव्हता; त्याला आदर होता तो 'ओरायन'च्या कर्त्याबद्दल. सही करणाऱ्याने कैद्याचे मत पत्करलेच पाहिजे असे नसते. कैद्याने भोगावे एवढे त्याने केलेले नाही, इतके वाटले की पुरे.

पण विनवणीने फ्रँकोचे मन द्रवले काय? तसे मानायला आधार नाही. तिने केले ते निराळेच. जो कैदी कोणाचाच नव्हता, तो तिच्यामुळे किमतीचा ठरला. मालागात पकडलेला एक अनामिक परदेशी गोळी घालून पुरला असता तर कोणी विचारले नसते. पण लंडनच्या पार्लमेंटात ज्याचे नाव निघते, ज्याच्याविषयी तारा येतात, त्याला मारण्यापेक्षा ठेवण्यात फायदा असतो. आणि ठेवलेल्या वस्तूचा केव्हातरी सौदा होतो. तो तसाच झाला. फ्रँकोच्या सैन्यात कार्लोस हाया नावाचा एक नामांकित वैमानिक होता. त्याची बायको लोकसत्ताक सरकारच्या ताब्यात वॅलेन्शियाला अडकून पडली होती. इंग्रज सरकार आणि रेडक्रॉस यांच्या मध्यस्थीने ठरले की, हायाच्या बायकोच्या बदल्यात कोस्लरला सोडावे. १२ मे १९३७ रोजी त्याला कोठडीतून काढून एका लहानशा विमानात बसविले. विमान चालवीत होता स्वतः हाया.

या विमानप्रवासाचे वर्णन कोस्लरने केले आहे, आणि त्याच्या सगळ्या हकिगतीत इतके विलक्षण स्थळ दुसरे नसेल. शत्रू पक्षाचे दोन पुरुष, उघड्या विमानाच्या घोंघाटात, मरणाविषयी आणि जगण्याविषयी एकमेकांशी ओरडून बोलत होते. एक आपल्या बायकोच्या धडपडीमुळे जिवंत होता. दुसरा आपल्या बायकोला परत मिळवायला त्याला पोहोचवीत होता. ला लीनिया या सरहद्दीच्या गावी ते उतरले आणि तिथून कोस्लर जिब्राल्टरला गेला. हायाला त्याची बायको मिळाली, पण तो संसार फार टिकला नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत तेरुएलच्या लढाईत त्याचे विमान शत्रूच्या विमानाशी आदळून तो ठार झाला. कोस्लर आणि डोरोथी यांचाही संसार पुन्हा जुळला नाही. थोडे महिने एकत्र काढून दोघे वेगळी झाली. ज्या नात्याच्या नावाने त्याचा जीव वाचला ते नाते टिकविण्यासाठी तो वाचविलेला नव्हता. माणूस वाचावा, एवढ्यासाठीच बाई झटली होती. मला ती या सगळ्या गोष्टीतली सर्वांत थोर व्यक्ती वाटते, आणि इतिहासात तिच्या वाट्याला दोनचार ओळीच आल्या आहेत.

आता दुसरी गोष्ट. विल्यम ओटिस हा अमेरिकेतल्या इंडियाना संस्थानातला, १९१४ साली जन्मलेला, शांत स्वभावाचा बातमीदार. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९५० साली त्याला प्रागच्या कचेरीचा प्रमुख म्हणून पाठविले. चेकोस्लोव्हाकियात दोन वर्षांपूर्वीच कम्युनिस्टांनी सर्व सत्ता हाती घेतली होती. कोस्लरला कम्युनिस्टांच्या शत्रूने पकडले होते; ओटिसला कम्युनिस्टांनी पकडले. तुरुंगाच्या भिंतीला पक्ष नसतो, हे यावरून दिसते.

२३ एप्रिल १९५१ रोजी ओटिसला अटक झाली. झोप न देता त्याची चौकशी चालली, आणि जुलैत तो न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्याने हेरगिरीचा गुन्हा कबूल केला. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात त्याच्याविरुद्ध सांगण्यात आलेली एक गोष्ट बातमीदारांच्या जगात प्रसिद्ध आहे. हा माणूस फार धोक्याचा, का, तर तो अचूक आणि पडताळून पाहिलेलीच माहिती घेण्याचा आग्रह धरतो! बातमीदाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही मित्राने दिले नसते. ते त्याला आरोपपत्रातून मिळाले.

येथे परिस्थिती कोस्लरच्या उलट होती. ओटिसच्या पाठीशी जगातले सर्वांत बलाढ्य सरकार होते, आणि त्याने हात आखडता घेतला नाही. अमेरिकन नागरिकांना चेकोस्लोव्हाकियात जाण्याची बंदी झाली; व्यापारातील सवलती काढून घेतल्या; चेक विमानांना पश्चिम जर्मनीवरून उडता येईना; अध्यक्ष ट्रुमन यांनी नव्या चेक वकिलाला समोरासमोर बजावले. तरी दोन वर्षे ओटिस तुरुंगातच होता. बळाने मागितलेली गोष्ट दिली तर आपण वाकलो असे दिसेल, हे भय लहान सरकारला मोठ्या सरकारपेक्षा अधिक असते. जितका जोर लावावा तितकी मूठ घट्ट होते.

ही मूठ उघडायला दोन गोष्टी लागल्या. पहिली कोणाच्याच हातची नव्हती. ५ मार्च १९५३ ला स्टॅलिन वारला. त्याच्या अंत्यविधीहून परतलेला चेक अध्यक्ष गोटवाल्ड १४ मार्चला मरण पावला. आणि वारा थोडा पालटला. दुसरी गोष्ट होती ओटिसच्या बायकोचे पत्र. लॉराबेल ओटिस ही मिनेसोटा संस्थानातल्या सेंट पॉल गावी राहत होती. नव्याने मांडलेल्या संसाराला या तुरुंगाने ग्रासले होते. तिने चेक राष्ट्राध्यक्षाकडे दयेचा अर्ज केला. १६ मे १९५३ रोजी ओटिसला माफी देऊन सोडताना चेक सरकारने कारण दिले ते तिच्या पत्राचे. अमेरिकेच्या धमकीचे नाही, व्यापाराचे नाही, स्टॅलिनच्या मृत्यूचे तर नाहीच. एका पत्नीच्या विनंतीला मान दिला, असे जाहीर झाले.

हे ऐकून आपल्याला हसू येईल. दोन वर्षे ज्या सरकारला दया सुचली नाही त्याला एकाएकी पाझर कसा फुटला? पण हसण्यापूर्वी थोडा विचार करावा. सरकारलासुद्धा परत फिरण्यासाठी वाट लागते. शत्रूपुढे मान तुकवता येत नाही, आपला निकाल चुकला असे म्हणता येत नाही. परंतु रडणाऱ्या बाईचे अश्रू पुसले असे म्हणता येते. त्यात कोणाचीच नाचक्की होत नाही. घरच्यांची विनवणी तुरुंगाची भिंत पाडीत नाही, तिच्या अंगी तेवढे बळ नसते. ती कैद करणाऱ्याला दार उघडण्याचे निमित्त देते. निमित्त हा शब्द आपण क्षुल्लक मानतो. पण ज्याचे माणूस आत आहे त्याला निमित्ताचे मोल विचारा. दिवस बदलतील तेव्हा ते हाताशी तयार असावे म्हणून तर वर्षानुवर्षे अर्ज करीत राहायचे असते. वारा कधी पालटेल हे सांगता येत नाही. पालटला त्या दिवशी शीड उभारलेले असावे लागते.

इथे या गोष्टी संपविता आल्या असत्या, आणि शेवट गोडही झाला असता. पण या दोन्ही हकिगतींत काही माणसे मागे राहिली आहेत आणि त्यांना तसेच सोडून उठणे बरे नव्हे. ओटिसबरोबर त्याच्या कचेरीतले तीन चेक सहकारी त्याच खटल्यात उभे होते. ओटिसला १० वर्षे; त्या तिघांना अनुक्रमे २०, १८ आणि १६. ज्याच्या हाताखाली त्यांनी काम केले त्याच्यापेक्षा त्यांची शिक्षा जड, कारण ते परके नव्हते, घरचे होते. त्यांच्यासाठी कोणत्या देशाने व्यापार बंद करावा? त्यांच्या बायकांचे अर्ज कोणत्या वर्तमानपत्राने छापावे? १९९० साली, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, ओटिस निर्दोष असल्याचा निर्वाळा प्रागच्या न्यायालयाने दिला. तो पुढे अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रसंघात बातमीदारी करून १९९७ साली वारला. जगाने लक्षात ठेवले ते त्याचे नाव. बरोबरच्या तिघांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

आणि सेव्हिलच्या तुरुंगात निकोलास होता. एप्रिलमध्ये कोस्लरला थोडा वेळ अंगणात फिरू देऊ लागले, तेव्हा त्याची याच्याशी ओळख झाली. आंदालुसियातला एक गरीब शेतकरी, लोकसत्ताक सैन्यातला साधा शिपाई, निरक्षर. सुटल्यावर लिहायवाचायला शिकायचे त्याच्या मनात होते. एका रात्री पाद्र्याची घंटा त्याच्या दाराशी थांबली. त्याच्यासाठी पार्लमेंटात प्रश्न निघाला नाही. त्याच्या घरच्यांना ज्यांच्याकडे पत्र लिहावे असा कोणी माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी पत्र लिहिणार कोण? कोस्लरने आपल्या तुरुंगवासाची हकिगत लिहिली तेव्हा ती या निकोलासची आठवण मनाशी धरून लिहिली. सुटलेल्या माणसाच्या मनाला जी टोचणी लागते ती हीच. मी वाचलो, कारण माझे कोणी होते. तो मेला, कारण त्याचे कोणी नव्हते. आमच्यातला फरक गुणाचा नव्हता.

ही टोचणी वांझ राहिली नाही. १९३८ साली कोस्लरने कम्युनिस्ट पक्ष सोडला. कोठडीत काय दिसते हे तो आता आतून जाणत होता, आणि कोठडी आपल्या पक्षाची असली तरी ती कोठडीच, हे त्याने १९४० च्या 'डार्कनेस ॲट नून' या कादंबरीत सांगितले. १९५५ साली त्याने इंग्लंडात फाशीची शिक्षा रद्द करण्याची चळवळ उभारण्यात पुढाकार घेतला. पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. १९६५ साली तिथे खुनाबद्दलची फाशी प्रथम पाच वर्षांसाठी थांबली आणि १९६९ साली कायमची रद्द झाली. १९६२ साली त्याने कैद्यांच्या चित्रांना आणि लेखनाला पारितोषिके देण्याची योजना सुरू केली. ४१ नंबरच्या कोठडीचे ऋण तो असे फेडीत होता.

आणि आणखी एक धागा आहे, तो सांगून थांबतो. कोस्लरचे स्पेनच्या तुरुंगाविषयीचे पहिले पुस्तक १९३७ च्या अखेरीस लंडनला निघाले. ते वाचणाऱ्यांत ईटनच्या शाळेतला एक मुलगा होता. त्याच्या मनावर त्या पुस्तकाचा खोल ठसा उमटला. त्याचे नाव पीटर बेनेन्सन. पुढे तो वकील झाला. २८ मे १९६१ रोजी त्याने 'ऑब्झर्व्हर' पत्रात विसरलेल्या कैद्यांविषयी एक लेख लिहून वाचकांना साद घातली, आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था निघाली. तिला १९७७ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संस्थेची मूळची रीत अगदी साधी आहे. कोणत्या तरी गावातल्या काही नागरिकांनी एकत्र बसायचे, कधीही न पाहिलेल्या, दूरदेशीच्या एखाद्या कैद्याचे नाव घ्यायचे, आणि त्याला कैदेत ठेवणाऱ्या सरकारला सभ्य भाषेत पत्र लिहायचे. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहायचे. जे काम डोरोथीने नवऱ्यासाठी केले, तेच काम कोणाचेही नाते नसलेल्या माणसासाठी करायचे, इतकाच तिचा शोध. शोध लहान दिसतो. पण निकोलासच्या घरच्यांजवळ नेमके तेच नव्हते.

म्हणून आरंभीच्या म्हणीकडे मी परत वळतो. राजाने मारले तर दाद कोणाकडे मागायची? त्या राजाकडेच मागावी लागते, दुसरा उपाय नाही; परंतु एकट्याने नव्हे. बायकोने, आईने, भावाने मागितलेली दाद दारापर्यंत जाते. तिच्यामागे अनोळखी माणसांच्या सह्या उभ्या राहिल्या की ती दारातून आत जाते. आपण सगळे कोणाचे ना कोणाचे घरचे आहोत. ज्याला घरचे कोणी उरले नाही, किंवा ज्याच्या घरच्यांना पत्र लिहिता येत नाही, अशा एखाद्या कैद्याचे घरचे होणे आपल्या हातात आहे. त्याला एक कागद, एक सही आणि थोडी चिकाटी लागते.